टाचा गार करणारे मावसाजी

माझ्या मावसाजींनी जितका वेळ वाया घालवला तितका कारंज्यापासून रिसोडपर्यंत कोणत्याही एका माणसानं घालवला नसेल, आणि तोही इतक्या नेटकेपणानं. आळशी माणसं मी पुष्कळ पाहिली. माझ्या सासरी, आसेगावला, एक चुलतसासरे होते, त्यांना घास चावायचाही कंटाळा. पण आळशी वेगळा आणि मावसाजी वेगळे. आळशी माणूस कामाच्या वेळी दिसेनासा होतो, पोट दुखतं म्हणतो, पांघरूण ओढून घेतो. मावसाजी कधी लपले नाहीत. सूर्य उगवायच्या आत उठायचे, आंघोळ करायचे, धुतलेलं धोतर, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट, डोक्याला फेटा, आणि कचेरीत निघाल्यासारखे घरातून निघून अडाण नदीच्या काठी डोळे-तोंड कोरलेल्या म्हसोबाच्या दगडापाशी जाऊन बसायचे. दुपारी भाकरीपुरते घरी यायचे. भाकर झाली की पुन्हा कामावर, म्हणजे पुन्हा नदीवर. सणावारालाही खाडा नाही. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, काय चाललं म्हणून, तर दुसरा कोणी 'काही नाही' म्हणाला असता. मावसाजी तसं कधी म्हणत नसत. ते गंभीरपणानं सांगत, "डॉडलिंग." विचारणारा मान हलवून पुढं जायचा. त्याला वाटायचं, काहीतरी सरकारी काम असावं.

आता हे इंग्रजी त्यांच्याकडं कुठून आलं ते सांगते. तरुणपणी मावसाजी कारंज्याला सरकी काढायच्या एका जिनात, तोलायच्या काट्यावर होते. बैलगाड्या भरभरून कापूस यायचा, तो तोलायचा, एवढंच काम. पण दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मावसाजी जिथं उभे असत तिथंच टेकत आणि कशाकडं तरी पाहत राहत. जिनाचा साहेब गोरा होता, तोंडात चिरूट आणि डोक्यावर टोप असलेला. तो दिवसातून एकदा बाहेर यायचा, आणि नेमका तेव्हाच मावसाजी बसलेले असायचे. साहेब ओरडायचा. मावसाजी शेजारच्या कारकुनाला विचारायचे, साहेब काय म्हणाला, आणि तो शब्द वहीत उतरवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा ओरडायचा, पण मोठा शिकलेला माणूस, एकच शब्द लागोपाठ दोनदा वापरायचा नाही. असे सात हंगाम गेले. त्या साहेबानं मावसाजींना दुसरं काही कधी सांगितलंच नाही, त्यामुळं मावसाजींना इंग्रजी आलं ते एवढंच. पाणी, भाकर, बैल, नमस्कार यांना इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण रिकामं बसण्याला चाळीस शब्द त्यांच्यापाशी होते.

आणि त्या चाळीसांत ते गल्लत होऊ देत नसत. हात थांबलेत पण माणूस जागेवर आहे, ते आयडलिंग. माणूस जागेवरही नाही आणि त्याची लाजही नाही, ते लोफिंग. चालतोय पण पोचत नाही, ते डॉडलिंग. करू की नको यात दिवस गेला, तर डिली-डॅली, आणि हे बहुतेक जमिनीच्या वाटणीत होतं असं त्यांचं मत. माझे बाबा ओसरीवर बसून दोन्ही अंगठे एकमेकांभोवती फिरवायचे, त्यालाही साहेबाकडं शब्द होता, आणि तेव्हापासून बाबांनी अंगठे फिरवणं सोडलं. एकदा साहेब मावसाजींना वूल-गॅदरिंग म्हणाला. त्याचा अर्थ लोकर वेचणं असा कारकुनानं सांगितला, तर मावसाजी साहेबाच्या मागं धावले आणि हात जोडून म्हणाले, साहेब, इथं कापूस हाय, लोकर मी आजपावेतो पाह्यली नाही. किलिंग टाइम म्हणजे वेळेला जिवे मारणं, हे कळल्यावर माझी मावशी म्हणाली, "मंग तुमाले फाशी काहून नाही झाली आजून?"

मावशीचं तोंड असं होतं. पण सगळं घर तिच्यावर होतं हेही खरं. गावाजवळ त्यांचा मळा, त्यात वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि ते सगळं मावशी करायची, डोक्यावर टोपलं घेऊन अडीच कोस कारंज्याच्या बाजाराला जायची. मावसाजी तिला नदीच्या उतारापर्यंत पोचवायचे आणि तिथंच बसायचे. त्यांचा सगळ्यांत आवडता शब्द होता कूलिंग द हील्स. टाचा गार करणं, म्हणजे वाट पाहत बसणं. तो ते प्रत्यक्ष करून दाखवायचे, पाय पाण्यात सोडून. मावशी बाजारातून परत आली की पाय तिथंच आणि मावसाजी तिथंच. ती म्हणायची, "टाचा गोठल्या अस्तीन आता. चाला घरी."

त्यांना पोरबाळ नव्हतं, त्यामुळं मी त्यांच्या मागं मागं. शाळेत मला कोणी घातलं नाही. अक्षरं मी शिकले ती त्या नदीच्या वाळूत, मावसाजींच्या बोटाखाली. एक अक्षर काढायला ते इतका वेळ लावत की मधे एखादा बगळा येऊन मासा धरून जायचा, मग त्याच्याकडं पाहावं लागायचं. मला मुळाक्षरं यायला तीन वर्षं लागली. पण वही मात्र त्यांनी मला कधी दाखवली नाही. ती लाल फडक्यात बांधलेली, वर सुतळीच्या सात गाठी, आणि खुंटीवर. शब्द त्यांना पाठच होते, गाठी सोडायची वेळच येत नसे.

गाव त्यांना हसायचं. माझे बाबा हसत नसत, चिडत. साडूचं नातं, बोलायचीही सोय नाही आणि गिळायचीही नाही. बाबा कष्टाळू, पहाटेपासून शेतात, आणि नदीवरून जाताना हा फेटेवाला रोज बसलेला दिसायचा. "या मानसानं जल्मात एक काम केलं अस्तं तर मी पाय धुवून पेलो असतो," असं ते मायजवळ म्हणत. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

माझं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायचं नाही. पोळा होऊन आठवडा झाला होता आणि महालक्ष्म्या दोन दिवसांवर. चार दिवस पावसानं डोळा उघडला नव्हता. आदल्या दिवशी दुपारी मला कळा लागल्या, त्या उजाडेपर्यंत येत राहिल्या आणि मग आल्यासारख्या करून जाऊ लागल्या. सुईण आमच्या गावची, शंभर बाळंतपणं केलेली. तिनं सांगितलं, घरातल्या सगळ्या गाठी सोडा, सगळी कुलपं उघडा, कुठं अडलं असंल ते मोकळं होऊ द्या. आमच्याकडं अशी रीत. मायनं माझी वेणी सोडली, आपली सोडली, धान्याच्या पोत्यांची तोंडं सोडली, बैलांची दावी सोडली, कोठीचं कुलूप काढलं. मावशी पळत घरी गेली आणि परत येऊन कुडापलीकडं कुजबुजली, सगळं सोडलं, ह्यांची वही तेवढी राह्यली, त्या गाठी माझ्यानं सुटत नाहीत. मग मला मावसाजींचा आवाज ऐकू आला, "आण इकडं." ओसरीवर बसून त्यांनी सातही गाठी सोडल्या. एक एक गाठ सुटली की ते बाहेरून मला सांगत होते, एक सुटली पोरी, दोन सुटल्या. मी आत कळ सोसत मोजत होते. सात झाल्या आणि पोर काही आलं नाही.

सुईणीनं पुन्हा हात लावून पाहिलं आणि हात पदराला पुसले. ती मायला म्हणाली, "पोर आडवं हाय. हे माह्या हातचं नाही. कारंज्याची डॉक्टरीनबाई करंल तर करंल, पन दुपारच्या आत न्या." दुपारनंतर काय, ते मायनं विचारलं नाही.

बाबांनी बैल जुंपले. गाडीत गवत, त्यावर वाकळ, त्यावर मी, वर ताडपत्रीसारखं एक जुनं तरट. माय आणि सुईण माझ्या दोन्ही बाजूंना. मावशी मागं पायी. नदीवर पोचलो तर अडाण दोन्ही थड्या भरून चाललेली. मला तरटाखालून दिसत काही नव्हतं, फक्त आवाज ऐकू येत होता, जात्यासारखा जड. गाडी थांबली आणि मावसाजी तिथं आधीच आलेले होते. म्हसोबाच्या दगडाच्या वरच्या थडीवर, रोजच्यासारखे बसलेले.

बाबांना पाणी दिसलं आणि वेळही दिसत होती. त्यांनी बैल हाकले तसे मावसाजी उठून आडवे आले. म्हणाले, आता नाही. बाबा म्हणाले, बैल तगडे हायेत, जाते गाडी. मावसाजी म्हणाले, म्हसोबाचे डोये पान्याखाली हायेत, तवर गाडी जात नाही, वाहत जाते. आणि ते परत जाऊन बसले. खरंच बसले, माय सांगायची, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. तेव्हा माझ्या बाबांचा तोल गेला. तीस वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात आलं. "तीस वर्षं फुकट बसले तुमी इथं, साडभाऊ. माही पोर मरून राह्यली, आज तरी उठा."

मावसाजी पाण्याकडं पाहत राहिले. मावशीनं नवऱ्याला कोणी बोललेलं ऐकून घेतलं असं तेव्हा पहिल्यांदाच झालं, एरवी तो हक्क तिचा एकटीचा होता. पाऊस थांबला होता. मला एक कळ आली, त्यात मी मायच्या हातात दात रोवले. मायनं हात काढून घेतला नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. आई होताना घड्याळ नसतं. मला फक्त एवढं आठवतं की मी तरटाखालून विचारलं, मावसाजी, काय करून राह्यले, आणि त्यांनी रोजच्या आवाजात सांगितलं, "पानी पाहून राह्यलो, पोरी. तू फक्त दम धर."

मग नदीचा आवाज हलका झाला. बाबांनीच ओरडून सांगितलं, उतरलं, म्हसोबाचं तोंड दिसलं. सगळ्यांना हायसं वाटलं. बाबा शहाणे शेतकरी, ते म्हणाले, आता घाई नको, पाणी ओसरायला लागलंच आहे, अजून थोडं उतरू द्या, आता तर चाकाच्या आसाच्या वर आहे, घटकाभरानं गुडघ्याएवढं होईल. कोणीही हेच म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं.

आणि त्या वेळी मावसाजी उठले. मी तरटाची कड वर करून पाहिलं. त्यांनी कोट काढला, घडी करून म्हसोबावर ठेवला. त्यांना बिनकोटाचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. म्हणाले, "आत्ताच. हाका."

बाबा म्हणाले, आतापर्यंत थांबा म्हणत होते, आता उतरून राह्यलं तर घाई काहून. तेव्हा मावसाजी इतकं भरभर बोलले की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. हे जे ओसरलं ते नदीचं पाणी नव्हतंच. हे काळं पाणी, आपल्या शिवारातल्या नाल्याचं, ते आधी येतं आणि आधी जातं. नदीचं वरचं पाणी लांबून येतं, मुरमाचं, तांबडं. दोघांच्या मधे एक चिलीम ओढून होते एवढीच उसंत असते. तांबडं आलं की परवापर्यंत उतरत नाही. "मी तीस वर्षं दुसरं काही पाह्यलं नाही, साडभाऊ. तेवढं एक आइका."

बाबा एकदा पाण्याकडं आणि एकदा मावसाजींकडं पाहत होते. बाबांना त्या माणसावर विश्वास टाकायचा होता ज्याच्या भरवशावर त्यांनी कधी खुरपंही टाकलं नव्हतं. मावशी मागून म्हणाली, "ह्याहीनं आजपावेतो मले कशाची घाई केली नाही. आज करून राह्यले. हाका दाजी."

बाबांनी कासरा सैल सोडला. मावसाजी पुढं पाण्यात शिरले, छातीएवढ्या, हातात काठी. दगड कुठं, कपार कुठं, त्यांना सगळं ठाऊक. उजवीकडं घ्या, आता सरळ, आता थांबू नका. पाणी गाडीच्या फळ्यांमधून वर आलं, माझी पाठ भिजली. सुईण देवाचं नाव घेत होती. मधोमध डावा बैल अडला. त्यानं मान वर केली, फुरफुरला, आणि पाऊल टाकीना. बाबांनी तुतारीच्या काठीचा खिळा टोचला, शेपूट पिळलं, बैल हलला नाही. मी तरटाच्या फटीतून पाहिलं तर मावसाजी वरच्या अंगाला पाहत होते. त्यांनी काठी सोडून दिली. मागं आले, बैलाची वेसण धरली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. काय बोलले ते पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. बैल हलला. दोन पावलं, चार पावलं, मग चाक दगडावर चढलं आणि सगळी गाडी एका अंगावर कलली, मायनं मला धरलं, आणि दुसऱ्याच क्षणी बैलांचे पुढचे पाय चढणीला लागले.

मावशी गाडीच्या मागच्या दांडीला धरून आली होती, लुगडं गळ्यापर्यंत भिजलेलं. ती वर चढली, मागं वळली आणि तिनं चाकाला खांदा लावायला मागं आलेल्या मावसाजींचं मनगट धरलं. मीही पाहिलं. वळणावरून पाणी येत होतं, भिंतीसारखं, तांबडं. त्यात एक अख्खी बाभूळ होती मुळांसकट. आम्ही जिथून आलो तिथून ती गेली. म्हसोबा बुडाला. मावसाजींचा कोटही गेला.

डॉक्टरीणबाईनं आतून हात घालून पोर फिरवलं. त्याचं वर्णन मी करत नाही. दिवेलागणीला मुलगा झाला, निळा पडलेला, मग रडला. बाबा बाहेर आले तर मावसाजी दवाखान्याच्या पायरीवर कुणाचं तरी उपरणं पांघरून, मुरमुरे खाणाऱ्या चिमणीकडं पाहत बसलेले. बाबा त्यांच्या शेजारी बसले. माय सांगायची, बाबा म्हणाले, साडभाऊ, मी तुमाले आज नाही नाही ते बोललो. मावसाजी म्हणाले, "बोलले काय? मी पान्याकडं पाहत होतो, मले ऐकू नाही आलं." मग दोघंही नुसते बसून राहिले. परत येताना मावसाजींनी मायला सांगितलं की तुझ्या नवऱ्याला आयडलिंग बरं जमतं.

नदी तीन दिवस उतरली नाही. महालक्ष्म्या माझ्याविना बसल्या आणि उठल्या. त्यानंतर गावात पाऊस झाला की माणसं नदीवर जाऊन मावसाजींना विचारू लागली, आता जाऊ का. ते त्यांना फार आवडलं नाही. म्हणायचे, हे तर काम झालं.

मावसाजी गेल्यावर बारा दिवसांनी मावशी आसेगावला आली. टोपल्यातून लाल फडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "तुले द्या म्हनत होते," एवढंच म्हणाली, आणि वांगी विकायला आल्यासारखी दारातच बसली, आत येईना. गाठी नव्हत्या. त्या दिवशी सोडलेल्या, त्यांनी परत मारल्याच नव्हत्या.

वहीत एकेका पानावर वर एक इंग्रजी शब्द. ते मला वाचता येईनात, म्हणून मुलाला वाचायला सांगितलं, तोच तो आडवा आलेला, तेव्हा कारंज्याला शिकत होता. पाचसात पानं वाचून तो म्हणाला, आई, या सगळ्यांचा अर्थ एकच आहे, रिकामटेकडेपणा. पण शब्दाखाली मराठीत दोन दोन ओळी होत्या, आणि त्या मला वाचता येत होत्या. साहेब ओरडला तेव्हा आपण काय करत होतो, ते मावसाजींनी लिहून ठेवलं होतं. लोफिंग, आणि खाली, गाडीखाली कुत्रीनं चार पिल्लं दिली, ती पिताना पाहत होतो. वूल-गॅदरिंग, आणि खाली, छपरातून ऊन येते, त्यात कापसाचा तूस उडतो. आयडलिंग, आणि खाली, एक म्हातारा तोलायच्या आधी आपल्या कापसावरून हात फिरवत होता, त्याचं होऊ दिलं. चाळीस पानं अशी.

एक्केचाळिसावं पान शेवटचं. अक्षर म्हातारपणाचं, हललेलं. खाली एकच ओळ, पोरीची गाडी थांबली होती, पाणी पाहत बसलो. वर शब्दाची जागा कोरी ठेवलेली.

मुलगा पुढं पुष्कळ इंग्रजी शिकला. त्याला मी दोनदा सांगितलं, ती जागा भर म्हणून. त्यानं दोनदा पेन उघडलं आणि मिटलं. आता कधी दुपारी मी वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसते. समोरच्या निंबावर दोन साळुंक्या असतात, त्यांचं काहीतरी चालू असतं. सून आतून विचारते, सासूबाई, काय करून राह्यल्या एवढ्या वेळच्या. मी म्हणते, "डॉडलिंग."